मध्यस्थ क्षमस्व

गॅरेजात प्लायवूडचा एक तुकडा पडून होता,
त्यावर मीच रंगवलं : घर विकणे आहे.
सुरुवातीची अक्षरं ऐसपैस,
फोन नंबरचे शेवटचे आकडे कडेला अंग चोरून उभे.
हेल्का असती तर म्हणाली असती,
आधी पेन्सिलनं आखून घ्यायचं असतं, वेइक्को.

दुपारपर्यंत चार फोन. चारही एजंट.
एक म्हणाली, काका, या वयात झेपणार नाही तुम्हाला,
शिवाय स्वतःच्या घराची किंमत
स्वतःला कधी कळते का?

मी थंडर बेच्या धक्क्यावर एकतीस वर्षं काट्यावर होतो.
प्रेअरीतून आलेला गहू जहाजात उतरायचा
तो माझ्या सहीनं.
पाव टनाचा फरक निघाला तर
रात्रभर कागद उलटेपालटे केलेत मी.
म्हटलं, बाई, वजन करणं हाच माझा धंदा.
आणि फोन ठेवला.

मग मात्र आठवडाभर कुणी नाही.
सरोवरावरून वारा यायचा, बोर्ड पालथा पाडून जायचा.
मी बूट घालायचो, उभा करायचो.

पहिला आला तो कलिंगड घेतल्यासारखा
बोटांनी भिंती वाजवत फिरला.
दुसऱ्या जोडप्यानं सौनाच्या खोलीला टेप लावली :
इथे वॉशिंग मशीन बसेल, नाही?
बसेल, मी म्हणालो, आणि त्यांना
दहा हजार वाढवून सांगितले.

कॅल्गरीहून कायसा म्हणाली, बाबा,
विचारलं तेवढंच सांगा. जिभेला जरा कुलूप.

आर्नेल बस चालवतो, ग्लेंडा इस्पितळात रात्रपाळी करते.
ती डोळे चोळतच आली, पण बूट दाराशी काढले
आणि मोजे सारखे केले. तिथेच मी अर्धा विकला गेलो.
सांगत सुटलो :
एप्रिलमध्ये बेसमेंटात दोन बोटं पाणी येतं.
फर्नेस पहाटे खोकते, औषध नाही.
माळ्यावर दर पानगळीत एक खार बिऱ्हाड करते,
तिला हाकललं की नळीतलं इन्सुलेशन नेते.
बर्चची मुळं गटाराला भिडलीत.
एकेक खोट सांगायची आणि मीच पाचशे उतरवायचे.
आर्नेल वहीत लिहीत होता, मध्येच थांबून म्हणाला,
सर, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूनं आहात?

त्यांचा पोरगा, जोमार, पाच-सहा वर्षांचा,
तेवढ्यात बेसमेंटच्या जिन्यात जाऊन बसला.
वरून सातवी पायरी.
तेरा पायऱ्या सोडून नेमका तिथे,
मोज्यांनी लाकूड घासत.

मी बोलायचा थांबलो.
ग्लेंडानं वर पाहिलं. आजाऱ्यांच्या चेहऱ्यावरून
तिला बरंच कळत असावं. तिनं विचारलं नाही.

वकिलाच्या फॉर्मवर रकाना होता : माहीत असलेले दोष.
मी दीड पान भरलं. वकील हसला,
एवढं लिहीत नाही हो कुणी.
फेब्रुवारीतली ती सकाळ, कपड्यांची बादली,
लोकरी मोजे, आणि माझं रेडिओ मोठा लावून बसणं :
यांना रकाना नव्हता.
असता तर काय लिहिलं असतं, माहीत नाही.
पायरीचा दोष नव्हताच तसा.

किल्ल्या द्यायच्या आदल्या रात्री
खरखरीत रबराच्या पट्ट्या आणल्या.
एकीवरच मारली असती तर पोरानं विचारलं असतं,
म्हणून तेराच्या तेरा मारल्या.
गुडघे बोलत होते. शेजारच्या घरात दिवा लागला, विझला.
सातवीवर थोडा वेळ हातोडी मांडीवर घेऊन बसलो.
मग आठवी.

पट्ट्यांचे अठ्ठावीस डॉलर झाले, खिळे घरचेच.
किमतीत धरले नाहीत.