रकाना : इतर

वेळापत्रकात एवढंच होतं :
विशेष विषय, क्षेत्र-अभ्यास, श्रेयांक दोन,
शनिवार पहाटे साडेपाच, डबा स्वतःचा.
बाकीच्यांनी रेशीमशेती घेतली. तिथं पंखा होता.
आम्ही चौघं नान्नजच्या माळावर,
मोज्यांत कुसळं, तोंडात जांभई.

हिरेमठ मॅडम वाकून चालायच्या,
पडलेलं जोडवं शोधावं तशा,
आणि सापडलं की कुजबुजायच्या,
"या, या, अजून ओली आहे."
लांडग्याची विष्ठा.
कागदी पिशवी, तारीख, वेळ, अक्षांश, रेखांश,
सगळं पेन्सिलीनं. शाई फुटते.

लांडगा दिसला नाही.
एकदा तौसीफ ओरडला, तो कुत्रा निघाला.
माळढोकाच्या रकान्यात मी शून्य घातलं
ते मॅडमनी खोडलं.
"'नाही' लिहू नका. 'दिसला नाही' लिहा."
मी म्हटलं, मावत नाही.
"मग रकाना मोठा करा."

सोमवारी प्रयोगशाळेत
चाळणी, गरम पाणी, नाकाला रुमाल.
धुऊन धुऊन शेवटी उरतात केस.
सूक्ष्मदर्शकाखाली केसाच्या पोटात
शिडी दिसते, किंवा मण्यांची ओळ,
सशाची वेगळी, उंदराची वेगळी,
मेंढीच्या लोकरीत बहुधा काहीच नाही.
तक्त्याशी ताडायचं, खूण करायची.
मेंढी अकरा. ससा चार. उंदीर दोन.
काळवीट एक, तेही शंकास्पद.

नमुना सतरा :
लालसर, बोटभर लांब,
ना शिडी ना मणी,
नुसत्या चपट्या फिती, स्वतःभोवती पिळलेल्या.
तक्त्यात असा प्राणीच नव्हता.
नुजहत म्हणाली, नवी प्रजाती, तुझं नाव देतील.
हसले मी. पण दोन रात्री
येमूल हे आडनाव लॅटिनमध्ये कसं दिसेल
ते वहीच्या मागच्या पानावर लिहून पाहिलं.

मग डबीत घालून घरी नेलं.
नायना रात्रपाळीहून आला होता,
कानात अजून माग चालू, म्हणून मोठ्यानं बोलत.
त्यानं ते ट्यूबलाइटपुढं धरलं,
अंगठ्याच्या नखानं उलटा पीळ दिला,
एकाचे दोन झाले.
"दारम् हे. केस कुठला?
दोन-वीसचं सूत. चादरीच्या काठाचं.
कुठं मिळालं?"

सांगितलं कुठं.
तो मोरीकडं गेला, साबण लावून हात धुतले,
आणि तिथूनच विचारलं,
"तुम्ही गरम पाण्यात धुतलं, तर रंग सुटला का?"
"नाही."
"मग आमच्याच शेडचा असंल."

पुढल्या शनिवारी म्हाळाप्पाला गाठलं.
मेंढरं ओढ्याकडं वळवत तो म्हणाला,
"पौषातलं कोकरू व्हतं, चार दिसांचं.
थंडीनं मान टाकाय लागलं,
म्हून चादरीचा तुकडा बांधला व्हता पोटाला.
तुकड्यासकट न्हेलं बघा."
थोडं चालून थांबला.
"फॉरेस्टवालं म्हंत्यात, भरपाई पायजे तर पुरावा आणा.
आता कोकराचा पुरावा कुठनं आणू?
तुमच्याकडं जे हाय, त्येला पुरावा म्हंत्यात का?"

मॅडमनी कुसळं काढण्याचं निमित्त करून
बराच वेळ खाली पाहिलं.

तोंडी परीक्षेत बाह्य परीक्षकांनी
चष्मा कपाळावर सरकवला :
"नमुना सतरा. इतर, सूत, एक,
मालक म्हाळाप्पा, कोकरू वय चार दिवस.
एवढं सगळं या रकान्यात?"
मी म्हटलं, सर, मोठा केलाय.

चौदा गुण मिळाले वीसपैकी.
त्या धाग्याचा एक पदर
काचपट्टीवर, विभागाच्या कपाटात, तिसऱ्या खणात आहे.
दुसरा, विद्यापीठाच्या शिक्क्याच्या पत्रासोबत,
म्हाळाप्पाच्या चंचीत,
चुन्याच्या डबीला लागू नये म्हणून
वेगळ्या कप्प्यात.