तारेच्या टोकावरचा मणी

जामच्या फाट्यावरून आत, तुरीची शेतं संपतात तिथे
आमचं शेड. कल्टिव्हेटरच्या फ्रेमा,
पुण्याच्या कुठल्याशा कंपनीने नको झाला म्हणून विकलेला
एक सेकंडहँड रोबो,
आणि मी, प्रणोती नेवारे, हिंगणघाटच्या आयटीआयची.

दोष नेहमी सुरुवातीलाच.
पुढे टाका सरळ जातो,
नाण्यावर नाणं कलतं ठेवल्यासारखा.
पहिला सेंटीमीटर मात्र पाहवत नाही:
भोकं, शिंतोडे,
पट्टीत न उतरता नुसताच वर बसलेला धातू.
हातोडी मारली की तिथूनच उचकतो.

मालक म्हणाले, कूलर बंद करा, वाऱ्यानं गॅस उडत असेल.
सेहेचाळीस डिग्रीत कूलर बंद केला.
भोकं तशीच.
गॅस अर्धा सेकंद आधी सोडून पाहिला.
अर्थिंगचा क्लॅम्प घासला, त्याखालचा रंग खरवडला,
टिप बदलली, दोनदा.
पट्टीवरची निळसर खपली ग्राइंडरने काढली.
वहीत तारखेखाली लिहीत गेले:
नाही. नाही. थोडा फरक. नाही.

दुपारी तीनला रोबो थांबवून
बिघडलेल्या सुरुवाती हाताने भरायला
कोडापेकाका येतात.
काच डोळ्यांवर पाडायच्या आधी
त्यांच्या डाव्या हातातली पक्कड
तारेचं टोक तिरपं उडवते. टिक.
एक टाका.
पुन्हा टिक.
इतक्यांदा पाहिलं होतं मी ते
की दिसतच नव्हतं,
बोलता बोलता कुणी कान खाजवावा तसं.

"काका, हे काऊन कापता?"
"काऊन म्हंजे?"
त्यांनी काच वर केली. मी थट्टा करतेय का, ते पाहिलं.
"टोकाले मनी बसते न बाप्पा.
मन्यानं पेटते का कुठी?"

रोबोच्या तोंडाशी जाऊन वाकले.
होता.
मोहरीहून जरासा मोठा, राखाडी,
वर काचेची तांबूस साय धरलेला,
आधीचा टाका संपताना वितळून तिथेच गोठलेला.
पंधरा दिवस मी सुरुवातीत शोधत होते,
आणि तो आधीच्या शेवटात
निवांत बसून होता.

रोबोला कटर होताच, कोपऱ्यात, धूळ खात.
कुणीतरी पूर्वी प्रोग्रॅममधून वगळलेला.
चार सेकंद वाचवले होते.
मी ते चार सेकंद परत घातले.
शेवटी तार जळत राहते तो वेळही
बोटाच्या एका टिचकीएवढा कमी केला.
मालकांनी मोबाइलवर गुणाकार केला,
दिवसाच्या किती फ्रेमा जातील त्याचा,
आणि मोबाइल खिशात टाकला.

पहिल्या फ्रेमेवर हातोडी काकांनीच मारली.
पट्टी वाकली. टाका नाही.
आणखी एक मारली, जरा जास्तच जोरात.
"बसला," म्हणाले.
मग हात पुसत, हसत, "आता तीन वाजता मी काय करू व?"

वहीत मी लिहिलं: कटर चालू, बर्नबॅक कमी.
त्यांचं नाव लिहायला रकाना नव्हता,
समासात लिहिलं.

दुसऱ्या दिवशी ते आलेच, तीनला.
जाळीबाहेर उभे राहिले, पक्कड खिशात.
आत कटर वाजायचा, टिक,
आणि दर वेळी
त्यांच्या डाव्या हाताचा अंगठा
किंचित मिटायचा.