बारा अंश

लेश्नो गावाच्या कडेला, शर्यतीचं मैदान जिथून
ऐकू येतं पण दिसत नाही,
तिथे हाल्श्का राहते आणि अक्षरं काढते.
क्लबचं पत्र आलं : पोस्टरसाठी लिपी हवी.
जाड. तिरकी. टोकांना नखरे नकोत.
जागच्या जागी असली तरी धावती वाटायला हवी.

आधी तिने सोपं करून पाहिलं.
उभी अक्षरं घेतली, यंत्राला म्हणाली, कलव.
यंत्राने कलवली.
ओ चा उजवा खांदा सुजला, डावा वाळला.
एस तर रात्रपाळी करून आलेल्या माणसासारखा
भिंत शोधू लागला.
कलणं वेगळं आणि पडणं वेगळं,
हे यंत्राला कुणी शिकवलं नव्हतं.

मग दोन महिने हाताने.
इथून केसभर खरवड, तिथे केसभर भर.
ए च्या पोटातला त्रिकोण
जाडीच्या रेट्यात ज्वारीच्या दाण्याएवढा उरला,
तो बुजू द्यायचा नाही.
वाचतो आपण तो पांढरा दाणा;
काळं नुसतं राखणीला उभं असतं.

या लिपीला वरून धरणारी रेघ नाही.
आपल्या अक्षरांसारखं
एका दोरीला हात लावून ओळीत लोंबायची सोय नाही.
ज्याचा तोल त्याने सांभाळायचा,
तोही बारा अंश पुढे झुकून.
(अकरावर ती भित्री दिसत होती. तेरावर उद्धट.)

पहिल्या शर्यतीला गेली.
ब्रेक नसलेल्या गाड्या, चार स्वार,
वळणावर सगळे डावीकडे कललेले,
डाव्या बुटाचा पोलादी तळवा मातीत घासत.
आणि मागच्या कठड्यावर तिची अक्षरं
उजवीकडे.
मधे लाल धुरळा.
हे तिच्या एकदाही डोक्यात आलं नव्हतं.
ती हसली, शेजारच्याने विचारलं काय झालं,
म्हणाली, डोळ्यात गेलं काहीतरी.

लिपी पुढे विकली गेली, आणि मग भेटतच राहिली :
बंद पडलेल्या गाड्या ओढणाऱ्या ट्रकवर,
सॉसेजच्या दुकानात, ‘फक्त आज’,
आइस हॉकीच्या पोरांच्या पाठीवर, सतरा, चार, नव्वद.
एका दंतवैद्याने अख्खं दरपत्रक तिच्यात छापलं होतं,
वाचतानाच दाढा आवळल्या जायच्या.
ही लिपी तीन शब्दांची आहे हो, तिने समजावलं,
चौथ्याला ती ओरडायला लागते.
तो म्हणाला, माझे पेशंटही.

नोव्हेंबरात गोंशोर गेला,
क्लबचा म्हातारा मेकॅनिक,
ज्याच्या निळ्या डगल्याच्या पाठीवर
त्याचं आडनाव तिच्याच अक्षरांत होतं, ग्रीसने निम्मं खाल्लेलं.
त्याची बायको पेलागिया म्हणाली, दगडावरही तेच हवं.
पाथरवट तिमोनचा फोन आला :
बाई, थडग्यावर तिरकं कुणी कोरत नाही,
जाणारा पोचला, आता कसली घाई?
आणि दुसऱ्या अक्षराची ती शेपटी
ग्रॅनाइटमध्ये टिकायची नाही, कपची उडेल.

शेपटीच म्हणतात तिथे,
ए च्या पायाखालच्या त्या आकड्याला,
जो नसला तर गोंशोर गोंशोर उरत नाही.
हाल्श्काने एका रात्रीत ती पुन्हा काढली,
जाडसर, आखूड, मुळाशी रुंद,
फक्त एका दगडासाठी.
फाइलला नाव द्यायचं होतं. तिने दिलं नाही.

तारखा पेलागियाने उभ्या ठेवल्या.
म्हणाली, त्यांच्याशी त्याचं कधी जमलंच नाही.

वसंतात दोघी बघायला गेल्या.
पेलागियाने बाहीने दगड पुसला,
शेपटीत अडकलेलं बर्चचं पान नखाने काढलं,
मग मागे सरून उभी राहिली, मान कलती करून,
नाव वाचत, की नुसतीच.
हाल्श्काने सवयीने मोजलं :
नऊ. फार तर दहा.