चेकिंग टेबल

रविवारी खारघरच्या लॅबमध्ये कोणी नसतं.
वीस अंशांवर ठेवलेल्या प्लेटा
मी एकेक काढून मायक्रोस्कोपखाली धरते.
मिलिमीटरभर कृमी, काचेसारखे आरपार.
आज त्यांचा एकोणिसावा दिवस,
म्हणजे आपल्या हिशेबात पंचाहत्तरी उलटलेली.
प्लॅटिनमच्या तारेने हलकेच टोचायचं.
हलला तर जिवंत. नाही हलला तर पुन्हा.
तीनदा टोचल्याशिवाय
वहीत फुली मारायची नाही.

आई वागळे इस्टेटला, रोड नंबर सोळावर,
सव्वीस वर्षं चेकिंग टेबलला होती.
जर्मनीला जाणारे शर्ट. उलटे करून
शिवण बोटांनी वाचायची.
काज चुकलं की खडूची फुली, रिजेक्टच्या खोक्यात.
डिकून्हा मॅडम नव्या मुलींना सांगायच्या,
हेमलताच्या शेजारी बसा, गप्प बसा, बघा.

पेशीतही असं टेबल असतं.
निघालेला प्रत्येक निरोप तिथे उलटा करून बघतात.
मध्येच पूर्णविराम पडलेला,
नको तो तुकडा आत राहून गेलेला,
असला निरोप तिथल्या तिथे कापायचा,
त्याचं प्रथिन होऊ द्यायचं नाही.
ज्यांच्यात हे टेबल जागं राहतं
ते कृमी जास्त जगतात. आमचा आलेख एवढंच म्हणतो.
बाकीच्यांची कात्री बोथट होत जाते.
मूळ मजकूर बहुतेक शाबूतच असतो;
तपासणारेच म्हातारे होतात,
आणि त्यांना तपासायला
कोणाला नेमलेलं नसतं.

अकरा वाजता फोन: येताना कढीपत्ता आण, आणि—
आणि काय, ते तिला आठवत नाही.
साडेअकराला: कढीपत्ता आण, आणि—
आणते, मी म्हणते.

सातव्या प्लेटवर एक हलत नाहीये.
टोचलं. थांबले. टोचलं.
फोन तिसऱ्यांदा वाजतो.
मी पेशी असते तर हा निरोप
केव्हाच खोक्यात गेला असता.
एका हातात तार धरून मी ऐकते.
कढीपत्ता आण, आणि—
आणि काय गं? या वेळी मी मुद्दाम विचारते
आणि वाट बघते.
पलीकडे किसननगरमध्ये कोणाचा तरी कुकर दोन शिट्ट्या देतो.
"आणि तो निळा कुर्ता. डावी बाही उसवलीय त्याची.
मागच्या रविवारी घालून आली होतीस."

आज तोच घातलाय.
काखेजवळ, आतून, दोन टाके.
मला दिसले नव्हते.

तिसऱ्यांदा टोचायचं राहिलंय.
वहीतला रकाना अजून कोरा आहे.