बत्तीस जीबीत काय बसतं

मोर्शी रोडवर, पंक्चरवाल्याला लागून माझी टपरी.
काच फुटलेले मोबाइल, सुटे चार्जर,
आणि फळीवर खडूनं:
मालिका भरून मिळतील.

लोक मालिकेचं नाव सांगत नाहीत.
म्हणतात, काही चांगलं टाक बाप्पा,
डीपी जळली, चार दिवस लाइन नाही,
कार्ड पुरलं पाहिजे.
मी आधी माणसाकडे बघतो.

गुणवंता बोंडे संत्र्याच्या गाडीवर क्लीनर.
त्याला पोलिसांची, आठ भागांची;
नागपूर सोडलं की खून होतो,
झाशीच्या अलीकडे खुनी सापडतो.
धर्माळे तहसिलीतून निवृत्त झाले,
त्यांना ती कचेरीतली,
जिच्यात एक फाइल अकरा भाग हलत नाही.
सगळे हसतात त्या मालिकेला.
धर्माळे हसले नाहीत. म्हणाले, बरोबर दाखवलं.

ग्रामसेवकाच्या बायकोला सासू-सून देत नाही,
ती तिच्याकडे रोज ताजी असते.
तिला खाणीकडच्या मास्तरणीची दिली,
वरून सांगितलं, चौथ्या भागापर्यंत दम धरा.
पाचव्या भागावर कार्ड परत.
"थे मास्तरीण दिवसभर लढते,
तं तिच्या घरी पोया कोण करते?"
मला माहीत नव्हतं.

मग उमपांची वच्छलाबाई आली,
नातवाच्या खांद्यावर हात.
काचबिंदूनं दोन्ही डोळे गेलेले.
"मले पाहाची नाही बाबू,
आयकाची दे."

त्या रात्री शटर अर्धं ओढून
डोळे मिटून बसलो.
एकीत नुसते ढोल,
तीनदा वीज कडाडली
आणि कोणाचं तोंड कोणाकडे वळलं, कळेना.
ज्या मी गावभर भारी म्हणून वाटल्या
त्यांत तर कोणी बोलतच नव्हतं.
दऱ्या असतील तिथं, धुकं असेल,
माझ्या कानाशी फक्त पंखा.

पहाटे एक सापडली. जुनी,
मी कोणालाच न सुचवलेली.
दोन बहिणी, भाड्याची खोली, शिलाई मशीन.
दाराची कडी वाजते, स्टोव्हला पंप बसतो.
धाकटी खोटं बोलायच्या आधी
भांडं घासायला घेते.
तेरा भाग. भरून दिले.

आठ दिवसांनी विचारलं, कशी वाटली?
"मोठी बहीण मेलेली हाये, थे मले दुसऱ्याच भागात समजलं."
म्हटलं, नाही हो आजी, शेवटपर्यंत आहे ती.
"हाव, बोलते.
पण तिच्या चपला वाजत नाही कुठीच."

घरी येऊन पुन्हा लावली.
मोठी कधी खिडकीत, कधी खाटेवर,
तेरा भागांत एकदाही उठलेली नाही.
स्टोव्ह पेटतो, भात होतो,
ताट एकच.
मी ही मालिका दोनदा पाहिली होती,
चांगल्या मोठ्या स्क्रीनवर.

आता नवीन काही आलं
की पहिलं कार्ड उमपांकडे जातं. पैसे घेत नाही.
परवा नातू निरोप घेऊन आला:
"आजी म्हणते हे कोणाले देऊ नोको,
याच्यातला पाऊस खोटा हाये,
कढईत मोहरी तडतडल्यावानी."

फळीवरून नाव पुसलं.
गुणवंताला मात्र दिली,
त्याच्या केबिनमध्ये तसंही
इंजिनापुढे काही ऐकू येत नाही.