रविवार-बुधवार

अशोक चौकामागच्या बोळात आमचं शिवणकाम.
शाळेचे शर्ट, पांढरे. डझनाच्या हिशोबावर पोट.
महिन्यातले आठ-आठ दिवस मी
स्टुलावर रेक्झिनचा तुकडा टाकून बसायची,
वर जुना टॉवेल, चौपदरी,
आणि तासातासाला उठायची.
रझिया म्हणायची, "काय करूलालीस गं, परत?"
आणि माझ्या वाटच्या चार कॉलरी
गुपचूप आपल्या मशीनखाली सरकवायची.

एकदा एका शर्टाला लागलंच.
सहावीच्या मापाचा.
मी सांगितलं, सुई टोचली.
शर्टाचे पैसे भरले
आणि दिवसभर चांगल्या बोटाला चिंधी बांधून शिवत राहिले.

धाकटीच्या वेळची तांबी, सहा वर्षांची.
पाळणा थांबला खरा,
पण पाळी म्हणजे हिप्परग्याचा बांध फुटलेला.
सासूबाई म्हणाल्या, "जाऊ दे, घाण जाते.
अडलं तर डोक्यात चढतं."
नर्सम्मांनी हयातभर विड्या वळल्या,
रोज हजार, पंचवीस-पंचवीस मोजून.
स्वतःचं रक्त कधी मोजलं नाही.

माझं मोजलं. सात पॉइंट आठ.
सिव्हिलमधल्या बाईंनी कागद दोनदा वाचला.
"जिना चढताना दम लागतो का?"
म्हटलं, जिना नाही आमच्याकडे, घागर आहे.

सोनोग्राफीत गाठ निघाली नाही.
तांबी काढली, ताटलीत ठेवली.
एवढीशी! मागे काजाच्या दोऱ्याएवढी शेपटी.

मग सिस्टरांनी कासारासारखं टेबलावर मांडलं:
ही रोजची गोळी, वेळ चुकवायची नाही.
हे इंजेक्शन, तीन महिन्यांनी एक. अंतरा.
ही तांबीची बहीण, हिच्या पोटात औषध,
पाळी थेंबावर आणते, कधी थांबवतेसुद्धा,
पण बाहेरून आणावी लागेल.
तिची किंमत मी मनातल्या मनात शर्टांनी भागली.
भाग जाईना.
आणि ही छाया.
आधी तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा.
पाळी लांबेल, कमी येईल, घाबरायचं नाही.
सोबत लोहाच्या गोळ्या, त्या चहाबरोबर नकोत.

मे महिना. बाहेर डांबराला चप्पल चिकटत होती.
अशा गावात गोळीला हे नाव
कुणी ठेवलं असेल?

अंबादासचे कान मागाच्या खडखडाटानं गेलेत.
"काय घेतलंस?" तो ओरडला.
मीही ओरडले, "गोळी! पाळी कमी व्हायची!"
पत्र्यांपलीकडे भांड्यांचे आवाज थांबले.
"तुला बरं वाटणार ना?" तो पुन्हा ओरडला.
लाज वाटली. आणि हसूही आलं.
दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या दोघी
विरजण मागायला आल्या,
वाटी न आणता.

पहिल्या खेपेला बेचाळीस दिवस गेले.
बाई म्हणाल्या होत्या तरी घाबरले,
पट्टी आणून पाहिली, एकच रेघ.
मग आली. चार दिवस.
दुसऱ्या दिवशी दुपारी रेक्झिन घरीच राहिलंय हे
मला जेवणाच्या सुट्टीत आठवलं.

सासूबाई रोज विचारायच्या, "उतरली का घाण?"
परवा रात्री लाइट गेलेली.
अंधारात, भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या,
"आमच्या वेळी होती का गं ही?"

मला माहीत नाही, म्हटलं.
बराच वेळ त्यांच्या हातातल्या पंख्याचा आवाज.
मग त्यांनीच आठवण केली:
"उद्या बुधवार ना तुझा?"