खरपूस उजेड

एकतीस वर्षं माझा नवरा रात्री दोनला उठला.
केझमारोकच्या बेकरीत पहिली भट्टी त्याची.
पेन्शन लागली, तरी झोप मेली दोनलाच मोडायची;
मग त्यानं एक जुना कॅमेरा घेतला
आणि डोंगरांना पाव समजून
उजाडायच्या आत त्यांच्यापुढे जाऊन बसू लागला.

शेजारची ल्युबित्सा जायची सोबत. ती सांगते,
क्रिवानकडे बघत पुटपुटायचा:
"अजून कच्चंय. थांब.
कडा धरल्यात आता.
आता!"
दगडावर उजेड कसा खरपूस होतो
हे त्याला कुणी शिकवलं नाही;
भट्टीच्या दारातून तेवढंच तर बघितलं होतं जन्मभर.

घरभर फोटोंची पाकिटं. साखरेच्या डब्यामागे,
शिवणयंत्राच्या खणात, माझ्या हिवाळी बुटांतसुद्धा.
शिखरं, शिखरं, एक पाठमोरी रानबकरी,
शिखरं.
मी विचारलं, तू कुठायस यात, वेंदेलीन?
"मी फोटो काढत होतो ना," म्हणाला,
जणू मीच बावळट.

फेब्रुवारीत डॉक्टरांनी गुडघा उघडून शिवला.
ऑगस्टात हिरव्या तळ्याकाठच्या लाकडी निवाऱ्यापर्यंत
आला कसाबसा, तीन तासांची वाट सहा तासांत.
रात्री त्यानं कॅमेरा माझ्या गळ्यात अडकवला,
शेळीला घंटा बांधावी तसा.
"तू जा. ल्युबित्सा आहे. कोकराचं शिखर म्हणतात त्याला,
आहेही कोकरासारखंच."

खोटारडा.
अंधारात, साखळ्यांना लोंबकळत,
तीन ठिकाणी देवाच्या नावानं
आणि चौदा ठिकाणी नवऱ्याच्या नावानं ओरडत
सदुसष्टाव्या वर्षी मी वर पोचले.

खाली तळं. बाटलीच्या बुडासारखं हिरवं, जाड.
कॅमेरा डोळ्याला लावला. सगळं काळं.
झाकण काढायचं राहिलं होतं.
काढलं.
कच्चं. अजून कच्चं.
ल्युबित्सा म्हणाली, दाबा ना काकू, बोटं गारठली.
एकतीस वर्षं मी त्याचे पाव खाल्लेत,
मला कळणार नाही?
कडांनी रंग धरला.
आता.

फोटो तिरका आला. डोंगर घसरगुंडीवर बसल्यासारखे.
पण तळ्याकाठी, निवाऱ्याच्या बाकाशी, एक ठिपका आहे.
"हा तू," मी म्हटलं.
त्यानं चष्मा काढला, घातला, भिंग शोधून आणलं.
"कचऱ्याचा डबा आहे तो."
"तूच."
"डबा."

पाकिटात मात्र नाही घातला त्यानं तो.
पाव कापायच्या फळीवर, भिंतीला खिळा ठोकून लावलाय,
माझी भिंत, मला न विचारता.

काल दोनला जाग आली त्याला.
कुशीवर वळून म्हणतो,
"त्या डब्यानं हात केला होता गं.
दिसला का तुला?"